वाचता येणारं भूत

"अख्खा?" भाजीवाल्या मावशींनी दोनदा विचारलं. "अख्खा कशाला ओ? जेवणावळ हाय का घरात?"

आमच्या अक्कलकोटच्या बाजारात लाल भोपळा फोडीनं मिळतो. पाव किलो, अर्धा किलो, फार तर किलोभर. अख्खा भोपळा नेणारा एकतर आचारी असतो, नाहीतर त्याच्या घरी काहीतरी कार्य असतं. मी भाचीला घेऊन उभा होतो आणि ती भोपळ्यांच्या ढिगासमोर उकिडवी बसून एकेकाला फिरवून बघत होती. तिला चेहरा हवा होता. शेवटी तिनं एक निवडला. एका बाजूनं चपटा, जमिनीला टेकून तिथं पिवळट पडलेला. हाच का, असं विचारलं तर म्हणाली, "मामा, हा ऑलरेडी सॅड आहे."

"काय करणार पोरगी त्याचं?" पैसे घेता घेता मावशींनी विचारलं.

"भूत करायचंय," मी म्हणालो.

मावशींनी सुटे पैसे माझ्या हातात न देता काट्याच्या ताटलीत ठेवले.

भाची सात वर्षांची, न्यू जर्सीत राहते. बहीण पाच वर्षांनी दिवाळीला माहेरी येत होती, आणि तिकिटं काढली त्या दिवशी भाचीचा पहिला प्रश्न होता, मग माझ्या हॅलोवीनचं काय? २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती, म्हणजे हॅलोवीनच्याच दिवशी. बहिणीनं तिला समजावलं की त्या दिवशी अक्कलकोटलाही राक्षस असतो, आणि पहाटे उठून तेल-उटणं लावून अंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं. यातल्या राक्षसाचं तिला आकर्षण वाटलं, अंघोळीचं अजिबात नाही. पण तडजोड म्हणून आली. बॅगेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त.

हे सगळं फोनवर ऐकून मी हसलो होतो. आई हसली नव्हती. "चतुर्दशी-अमावास्येला घरात भुताचा खेळ नको," एवढंच ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली. आमच्या घरात हे वाक्य म्हणायला कारण आहे. त्याच्याकडे येतो.

पहिल्या रात्री पुस्तकं निघाली. माझा मुलगा पाच वर्षांचा. इंग्रजी त्याला रंग आणि प्राण्यांपुरतं येतं. भाची इंग्रजीत वाचायची आणि मग तिच्या मराठीत सांगायची. ज्युलिया डोनाल्डसन आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांचं 'रूम ऑन द ब्रूम' दोघांनी लागोपाठ चार वेळा वाचून घेतलं. त्यातली चेटकीण भली बाई आहे. वाटेत जो भेटेल त्याला झाडूवर जागा देते, आणि शेवटी ड्रॅगन तिला खायला उठतो तेव्हा मांजर, कुत्रा, पक्षी आणि बेडूक चिखलात लडबडून, एकमेकांच्या अंगावर चढून एक मोठा राक्षस बनतात. ड्रॅगन घाबरून पळतो. माझ्या मुलाला हे फारच पटलं. राक्षस आपणच करायचा असतो, ही गोष्ट त्याला तोवर कोणी सांगितली नव्हती.

मॉरिस सेंडॅकचं १९६३चं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' मात्र त्यानं आधी बंद करायला लावलं, मग स्वतःच उघडलं. मोठे दात, मोठी नखं, पिवळे डोळे. सेंडॅक मुलाखतींत सांगायचा की हे राक्षस म्हणजे त्याच्या लहानपणी रविवारी जेवायला येणारे नातेवाईक. गाल ओढणारे, दात दाखवत अंगावर झुकणारे. हे मी सांगितल्यावर भाचीनं, त्याच दिवशी फराळाला येऊन तिचे दोन्ही गाल ओढून गेलेल्या एका काकांचं नाव घेतलं. आईसुद्धा हसली.

आमच्याकडून काय द्यायचं, असा मला प्रश्न पडला. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण सांगितली. पूर्वी दिलीप प्रभावळकर आणि २०१८ साली नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगले, पुरुषांनीच केलेली ती चेटकीण पोरांना मोबाइलवर दाखवली. पण बाजी मारली आईनं. भुताला विरोध करणाऱ्या बाईनं भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सुरू केली. बंगालीतही अशी एक म्हातारी आहे, उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या 'टुनटुनीर बोई'मध्ये. ती दुध्यात बसते. आईची म्हातारी लाल भोपळ्यातच होती. आईनं वाघाचा आवाज काढला तेव्हा मुलगा माझ्या मांडीत शिरला आणि तिथून ओरडला, "अज्जी, परत!"

मला माझं लहानपण आठवलं ते इथे. आम्हालाही हडळ, मुंजा, खवीस, गिऱ्हा, समंध सगळे माहीत होते. २०२४च्याच जूनमध्ये आलेल्या 'मुंज्या' सिनेमामुळे आता सगळ्या देशाला मुंजा कळला, आम्हाला तो मागच्या पिंपळावरून कळला होता. पण आम्हाला ते गोष्टीत भेटले नाहीत. धाकात भेटले. झोप, नाहीतर येईल. तिकडे जाऊ नको, धरील. गोष्टीतला वाघ गोष्ट संपली की जातो. धाकातलं भूत रात्रभर पलंगाखाली बसतं, कारण त्याची गोष्ट कोणी पुरी केलेलीच नसते.

आणि आमच्या घरात त्याला एक पत्ता होता. मागची खोली.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांत परत आली. "तिला बाहेरचं झालंय," एवढंच आम्हाला माहीत. ती रात्र रात्र जागी असायची, कधी भिंतीशी बोलायची, कधी दिवसचे दिवस गप्प. दर अमावास्या-पौर्णिमेला आजी तिला घेऊन गाणगापूरला जायची. अक्कलकोटचा माणूस दत्ताच्या दर्शनाला गाणगापूरला जातोच. स्वामींकडे आलेला भाविकही पुढे तिकडेच जातो. सीमा ओलांडली की अफजलपूर तालुका. आरतीच्या वेळी नगारे वाजू लागले की बाधा झालेली म्हणतात ती माणसं घुमतात, ओरडतात, खांबांवर चढतात. मी आठ वर्षांचा असताना एकदा गेलो होतो. आत्या घुमत नव्हती, ओरडत नव्हती. खांबाला टेकून, कानांवर हात ठेवून, डोळे मिटून बसली होती. घरी आल्यावर ते चित्र माझ्या मनात उलटं झालं. वर्षानुवर्षं मला आठवायची ती केस सोडून ओरडणारी आत्या. तसं मी कधी पाहिलंच नव्हतं.

हे नव्वदच्या दशकातलं. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधणं हा त्यात गुन्हा आहे. आत्याला कोणी मारलं नाही, हे मला आईनं शपथेवर सांगितलंय. फार उशिरा सोलापूरच्या एका डॉक्टरांनी औषध सुरू केलं, तिला झोप लागू लागली, ती अंगणात येऊन बसू लागली. पण आम्ही पोरं तोवर घाबरायला शिकलो होतो. दूध पीत नाही? आत्या धरील. उन्हात जातोस? आत्याला बोलावू? ती दारात आली की आम्ही पळायचो, आणि ती ते बघायची. मी नववीत होतो तेव्हा गेली. तापानं.

आता माझा मुलगा त्याच घरात माझ्या बहिणीला "आत्या, आत्या" करत तिच्या गळ्यात पडतो. शब्द तोच.

तर भोपळा. तो कापायचा म्हटल्यावर पहिला पेच असा की आमच्याकडे अख्खा भोपळा किंवा कोहळा बाईनं पहिल्यांदा चिरायचा नसतो. घरात पुरुष नसेल तर शेजारच्या पोराच्या हातून सुरी टेकवून घेतात. भाचीनं विचारलं, "व्हाय?" आईकडे उत्तर नव्हतं. मी सुरी टेकवली, भाचीनं माझ्या हातावर तिचा हात दाबून धरला आणि आई दुसरीकडे बघत राहिली. अशा रीतीनं परंपरा आणि न्यू जर्सी दोघांचंही समाधान झालं.

झाकण काढलं, बिया ओरबाडून काढल्या, गर वाटीत. डोळे त्रिकोणी, तोंड वाकडं. आयर्लंड-स्कॉटलंडात आधी हे सलगमावर करायचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली आणि तिथं त्यांना भोपळा सापडला. लाल भोपळा मूळचा त्या खंडातलाच, आपल्याकडेही तो पोर्तुगीजांच्या मागून आला. कोहळा मात्र आशियातला जुना. आणि खरं सांगायचं तर चेहऱ्याचा भोपळा अक्कलकोटला नवा नाहीच. दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला कोहळा बघा, कुंकवाचे डोळे आणि मिश्या काढलेला. नव्या बांधकामावर जीभ काढलेला राक्षस बघा. खंडेनवमीला गाडीपुढे फोडलेला कोहळा बघा. घाबरवणाऱ्याला घाबरवायला दारावर एक चेहरा लावायचा, एवढंच तर आहे. जुन्या ग्रंथांत तर दिवाळीतल्या चतुर्दशी-अमावास्येला चुडी पेटवून आकाशाकडे धरायला सांगितलंय, महालयात येऊन गेलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून. मेलेली माणसं आसपास असतात आणि त्यांना उजेड दाखवायचा असतो, हे आयर्लंडच्या शेतकऱ्यालाही वाटलं आणि आपल्यालाही. ऑक्टोबर संपताना अंधार लवकर पडतो. माणसं सगळीकडे सारखीच भित्री.

दुसरा पेच सांगाड्याचा. हॅलोवीनला सांगाडा लागतोच, असं भाचीचं म्हणणं. मी पुठ्ठा कापत बसलो. आई भाजी निवडता निवडता बराच वेळ बघत होती, मग उठली आणि शेजाऱ्यांच्या गंजीतून गेल्या सालच्या कडब्याची चार-पाच धाटं घेऊन आली. ज्वारीचं धाट सोललं की आतून पांढरं, हलकं भेंड निघतं. तिच्या माहेरी, इंडी तालुक्यात, पोरं याचीच बैलगाडी करायची, चष्मे करायची. तिनं बाभळीचे काटे मागवले. भेंडाचे तुकडे काट्यांनी जोडत जोडत तिनं हात केले, पाय केले, बरगड्यांसाठी वरची साल वाकवली. माझा पुठ्ठा तिनं न बोलता बाजूला सारला. गुडघा कुठे वाकतो यावर तिचा आणि भाचीचा वाद झाला. भाचीनं स्वतःचा पाय वाकवून दाखवला, आईनं काटा काढून परत लावला. संध्याकाळपर्यंत हातभर लांबीचा सांगाडा कंदिलाच्या दोऱ्याला लटकत होता आणि वाऱ्यानं हलत होता. भुताचा खेळ नको म्हणणारी बाई त्याच्या मानेत अजून एक काटा घालावा का, याचा विचार करत होती.

मुलानं कागदावर हडळ काढली. हडळीचे पाय उलटे असतात हे मी सांगितलं, तर त्यानं विचारलं, "मग चप्पल कशी घालते?" यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी आईनं निर्णय दिला, उलटी घालते, म्हणून तिच्या चपला कोणी चोरत नाही.

मग भाचीला अंगावर घ्यायला काहीतरी हवं होतं. ती आतल्या ट्रंकेत शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर एक गोधडी होती. अर्धीच. एका बाजूला इरकलीचे काठ, धोतराचे तुकडे, फ्रॉकचं फुलाफुलाचं कापड, बारीक टाके ओळीनं घातलेले. दुसऱ्या बाजूला नुसतं अस्तर लोंबत होतं, आणि सुई अजून त्यात टोचलेली, गंजलेली.

"ते ठेव," आई म्हणाली. तिचा तो आवाज मी खूप वर्षांनी ऐकला.

भाची थांबली. मुलांना आवाज कळतो. "कोणाचं आहे?"

कोणी बोलेना. बहीण माझ्याकडे बघत होती. मीच म्हणालो, "आमच्या आत्याचं. आजोबांची बहीण. ती इथे मागच्या खोलीत राहायची."

माझा मुलगा लगेच म्हणाला, "ती भूत आहे का?" त्याला हे कोणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. घरात काही गोष्टी न सांगताही पुढे जात असाव्यात.

"शी वॉज अ विच?" भाचीनं विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती. तिच्या पुस्तकातल्या चेटकिणी भल्या होत्या.

आई खाली बसली. गोधडी तिनं भाचीच्या खांद्यावरून काढली नाही, फक्त ती गंजलेली सुई सोडवून घेतली. "नाही गं," ती म्हणाली. "तिला भीती वाटायची. रात्री फार भीती वाटायची, म्हणून झोपायची नाही. दिवा लावून शिवत बसायची."

"कोणाची भीती?"

"तिलाच दिसायचं ते. आम्हाला नाही दिसायचं."

"मग तुम्ही तिच्याजवळ बसायचात?"

आई जरा वेळानं म्हणाली, "मी बसायची कधी कधी. पोरांना बसू दिलं नाही. पोरांना आम्ही तिचीच भीती घातली."

हे तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. माझं वय अडतीस. एवढ्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मी उठून पाणी प्यायलो. परत आलो तेव्हा मुलगा फ्रॉकच्या कापडाचा तुकडा बोटानं चाचपत होता आणि आई सांगत होती, हा तुझ्या आत्याचा, ती तुझ्याएवढी होती तेव्हाचा. म्हणजे माझ्या बहिणीचा. जी पोरं पळायची, त्यांचेच जुने कपडे ती शिवत होती.

गोधडी भाचीनं पांघरली. आईनं नाही म्हटलं नाही.

३१ तारखेला पहाटे अंघोळी झाल्या, फटाके झाले, फराळ झाला. (भाचीनं उटण्याला "स्पायसी सोप" म्हटलं.) संध्याकाळी भोपळ्यात पणती ठेवली, ती दोनदा विझली, मग मागून भोक पाडल्यावर नीट जळू लागली आणि घरभर भाजल्या भोपळ्याचा वास सुटला. दारात रांगोळी, रांगोळीशेजारी दात विचकणारा भोपळा, वर आकाशकंदील, कंदिलाला ज्वारीचा सांगाडा. गल्लीतून जाणारे थबकत होते. एकानं हात जोडले. कशाला ते त्यालाच माहीत.

दोघं तीन घरं फिरून आली. गोधडीतली चेटकीण आणि खोबऱ्याच्या शेंड्यांच्या मिश्या लावलेला नरकासुर. पहिल्या घरच्या आजींनी दार उघडून विचारलं, "यारप्पा नीवु?" कोण रे बाबांनो तुम्ही? मुलानं खऱ्या नावानं उत्तर दिलं, तिथेच नरकासुर संपला. चिवडा, शंकरपाळ्या, एका घरी शीरखुर्म्याचे उरलेले पिस्ते मिळाले. भाचीनं हिशेब केला की चॉकलेटं शून्य, पण एकूण माल न्यू जर्सीपेक्षा जास्त.

रात्री मुलाला ऐन वेळी भीती वाटली. खेळ संपला, भोपळा विझवला, आणि अंधारात सांगाडा हलताना दिसला. खरं भूत आलं तर? मी नेहमीचं म्हणणार होतो, भूतबीत काही नसतं. त्यानं भागत नाही हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. आई खडू घेऊन उठली. दाराच्या बाहेरच्या बाजूला, उंबऱ्यापासून मुलाच्या उंचीवर, तिनं कन्नडमध्ये दोन शब्द लिहिले. नाळे बा. उद्या ये. २०१८च्या 'स्त्री' सिनेमात भिंतींवर जे लिहिलेलं असतं त्याचं मूळ हेच. नव्वदच्या दशकात कर्नाटकात गावोगावी दारांवर हे लिहिलेलं असायचं. रात्री भूत दार वाजवायला येतं, वाचतं, बरं म्हणून जातं. दुसऱ्या रात्री येतं, परत वाचतं.

"रोज फसतं?" भाचीनं विचारलं.

"फसत नाही. सांगितलेलं ऐकतं," आई म्हणाली.

"त्याला वाचता येतं?" मुलगा.

"कन्नड येतं."

कन्नड अक्षरं जिलेबीसारखी दिसतात असं भाचीचं मत पडलं. तिनं त्याखाली इंग्रजीत लिहिलं, मुलानं मराठीत त्याला येत होतं तेवढं, 'उद' आणि मग एक काना वर निसटलेला. भूत कुठलंही असो.

पाडव्याला आईनं दोघांकडून उंबऱ्याशी शेणाचे पांडव करून घेतले. आधी "ईऽऽ", मग कोपरापर्यंत. भीमाला सेंडॅकच्या राक्षसासारखी शिंगं आली, त्यांवर झेंडूच्या पाकळ्या. भोपळा तिसऱ्या दिवशी मऊ पडून आत बसला, तो गायीनं खाल्ला. गराचे घारगे त्याआधीच झाले होते. बिया भाचीनं वाळवून प्लास्टिकच्या डबीत भरल्या, पण विमानतळावर नेऊ देणार नाहीत म्हणून बहिणीनं काढून ठेवायला लावल्या. त्या मागच्या अंगणात टाकल्यात.

ती गेली त्याला आता दोन आठवडे झाले. मागच्या खोलीत आता मुलगा झोपतो, त्यानंच मागून घेतली. गोधडीला आईनं नवी सुई लावलीय. रात्री त्याच्या उशाशी बसून दोन ओळी घालते, तोवर तो झोपतो. तिचे टाके आत्यापेक्षा मोठे आहेत, ते लगेच ओळखू येतं.

काल रस्त्यावरची धूळ पुसायला बाई आली तर मुलगा दारासमोर हात पसरून उभा राहिला. खडू जरा पुसटला होता. आईनं तो परत गिरवला.

झोपताना तो रोज विचारतो, "आज आलं होतं?"

"आलं होतं," आई सांगते. "वाचून गेलं."